चित्र अडखळते कधी?

जुन्या संगणकात किंवा एखाद्या नॅस पेटीत हार्ड डिस्क बसवायची, तिच्यावर नाटकांच्या व्हीसीडी, लग्नामुंजीच्या डीव्हीडी, हौसेने जमवलेले ब्लू-रे चित्रपट उतरवून घ्यायचे आणि जेलीफिन, प्लेक्स किंवा कोडीच्या मदतीने ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहायचे, ही सोय आता संगणकवेड्यांपुरती राहिलेली नाही. तिच्यामागोमाग येणारी तक्रारही तितकीच घरोघरची आहे: चित्र अडखळते, मध्येच गोठते, गोल चकती फिरत राहते. यावर घरात होणारा पहिला उपाय बहुधा इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याचा असतो. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, बिल वाढते आणि चित्र होते तसेच अडखळत राहते. तसे होणारच होते. घरच्या सर्व्हरवरून घरच्याच टीव्हीकडे जाणारा चित्रपट इंटरनेटवर जातच नाही. डिस्कपासून राउटर आणि राउटरपासून टीव्ही एवढाच त्याचा प्रवास. मोबाइलवरची स्पीड टेस्ट मात्र राउटरच्या पलीकडचा रस्ता मोजते. ज्या रस्त्याने गाडी जाणारच नाही तो रुंद करण्याचा हा प्रकार इतका सर्रास चालतो, की या पुस्तिकेची सुरुवात तिथूनच करणे भाग पडले.

प्लॅन वाढवणाऱ्याची आणखी एक चूक होते आणि ती अधिक मुळातली आहे. तो वेग मोजतो. चलच्चित्राला हवा असतो वक्तशीरपणा. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात, म्हणजे दर ४२ मिलिसेकंदांच्या आसपास नवी फ्रेम पडद्यावर आलीच पाहिजे. त्या क्षणाआधी डिस्कने फाइलचा तो तुकडा वाचलेला हवा, सर्व्हरने गरज असल्यास त्याचे रूप बदललेले हवे, वायफायने किंवा केबलने तो पोचवलेला हवा आणि टीव्हीतल्या चिपने तो उलगडलेला हवा. चौघांपैकी तिघांनी काम कितीही लवकर उरकले आणि एकाला उशीर झाला, तर पडद्यावर उशीरच दिसतो. म्हणून ‘माझा वेग किती?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘उशीर नेमका कधी होतो?’ असे विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे. अडखळण्यालाही वेळापत्रक असते. कुठे ते ठरावीक सेकंदांनी होते, कुठे ठरावीक प्रसंगाला, कुठे चित्रपट सुरू होऊन अर्धा तास उलटल्यावर, तर कुठे रोज रात्री विशिष्ट वेळी. हे वेळापत्रक वाचता आले, तर दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा एकही पैसा खर्च न करता कळते.

आधी सरासरी नावाच्या फसवणुकीकडे पाहू. दोन तासांची १८ जीबीची फाइल असेल, तर भागाकार करून सेकंदाला २० मेगाबिट असे उत्तर येते, आणि ५० मेगाबिट देणारे वायफाय त्याला पुरेसे वाटते. पण चित्रपट सगळीकडे सारखा भरलेला नसतो. खोलीत दोन माणसे बोलत बसली असतील तेव्हा फार थोड्या बिटांत काम भागते. धोधो पाऊस, समुद्राच्या लाटा, उडणारी धूळ किंवा जुन्या फिल्मचा रवाळ पोत आला की तीच फाइल काही सेकंद सरासरीच्या दुप्पट-तिप्पट मागणी करते. ब्लू-रेच्या मानकात केवळ चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे, आणि २०१६ साली बाजारात आलेल्या ४के ब्लू-रेवर हा आकडा आवाजासकट १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. आता महागड्या टीव्हीच्या मागे पाहा. पुष्कळ स्मार्ट टीव्हींचे लॅन पोर्ट आजही १०० मेगाबिटचेच असते आणि त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ हाती लागतात. असा टीव्ही ४के चित्रपट दीड तास सुरळीत दाखवतो आणि वादळाच्या प्रसंगाला गोठतो. दोष वादळात असल्याचे लक्षात येत नाही, कारण पाहणाऱ्याच्या डोक्यात सरासरी असते. मधल्या काळाची सोय म्हणून प्लेअर थोडा साठा जवळ ठेवतो. गच्चीवरच्या टाकीसारखेच हे: नळाला पाणी कमी आले तरी टाकी असेपर्यंत घरात कळत नाही. पण टाकी केवढी? कोडीचा मूळ साठा २० एमबीचा असतो. सेकंदाला ४० मेगाबिटच्या चित्रपटात तो जेमतेम ४ सेकंद पुरतो. अशा वेळी साठा वाढवणे हा पूर्णपणे फुकटचा आणि बऱ्याचदा पुरेसा उपाय असतो.

घरातल्या घरातला वेग मोजायला आयपर्फ नावाचे मोफत साधन आहे. ते सर्व्हरवर आणि टीव्हीजवळच्या लॅपटॉपवर चालवले, की दर सेकंदाचा आकडा छापत जाते. बहुतेक जण शेवटची सरासरीची ओळ वाचून थांबतात. वाचायची असते ती सर्वांत वाईट सेकंदाची ओळ. पाच मिनिटांच्या चाचणीत सरासरी १२० मेगाबिट आली आणि मध्ये दोन सेकंद ३ मेगाबिट दिसले, तर तुमचा चित्रपट त्या दोन सेकंदांत अडखळू शकतो. वायफायचा स्वभावच असा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. मुंबई-पुण्याच्या एखाद्या इमारतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दहा-वीस राउटर त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे जेवण गरम करण्याच्या वेळी चित्र अडखळत असेल तर संशयित स्वयंपाकघरात आहे. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण त्या लहरी भिंतींपुढे लवकर हार मानतात, आणि आपल्याकडे फायबरची तार जिथून घरात शिरते त्या दाराशीच राउटर ठोकून ठेवण्याची पद्धत आहे. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर लावला तर त्याचा निम्मा वेळ पुढे सांगण्यात जातो.

केबल टाकली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. गिगाबिटच्या जोडणीला तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली, टोक नीट दाबले गेले नाही किंवा एकाच केबलमधून दोन जोडण्या काढलेल्या असल्या, तर उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, सगळे ‘चालू’ दिसते. राउटरच्या पानावर जोडणीचा आकडा १००० आहे की १००, हे एकदा पाहून घ्यावे. डिस्कवर मात्र उगाच संशय घेतला जातो. जुन्या यूएसबी २.० वर लावलेली डिस्कसुद्धा सेकंदाला ३०-४० एमबी देते, म्हणजे मेगाबिटांत मोजले तर अडीच-तीनशे. सुरुवातीलाच दहा-बारा सेकंद थांबून मग सगळे सुरळीत चालत असेल, तर डिस्क झोपेतून उठत होती एवढेच.

आता सर्वांत मोठ्या आणि सर्वांत कमी ओळखल्या जाणाऱ्या कारणाकडे येऊ. टीव्हीला फाइल जशीच्या तशी समजत असेल तर सर्व्हर ती नुसती पाठवतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि त्यात सर्व्हरला जवळजवळ काहीच काम नसते. समजत नसेल तर सर्व्हर चित्रपट चालू असतानाच तो उलगडून दुसऱ्या रूपात पुन्हा गुंडाळतो. हे ट्रान्सकोडिंग. एच.२६४ हे मानक २००३ चे, एचईव्हीसी २०१३ चे, एव्ही१ २०१८ चे. प्रत्येक पिढी कमी जागेत तेच चित्र बसवते आणि त्याची किंमत गणिताच्या ओझ्याने वसूल करते. प्लेक्सचा स्वतःचा ठोकताळा असा, की एका १०८०पी एच.२६४ फाइलच्या रूपांतराला पासमार्कच्या मापावर साधारण २००० गुणांचा प्रोसेसर लागतो. ४के एचडीआरला याच्या कैक पट. स्वस्त नॅस पेट्या फाइली जपण्यासाठी बनवलेल्या असतात, हे गणित त्यांच्या आवाक्यातले नसते. जेलीफिन आणि प्लेक्स दोघांच्याही पोटात हे काम एफएफएमपेग करते आणि त्याच्या लॉगमध्ये ‘स्पीड’ म्हणून एक आकडा येतो. तो १ च्या वर राहिला पाहिजे. ०.८ असेल, तर एका सेकंदात ०.८ सेकंदाचेच चित्र तयार होते आहे. प्लेअरजवळ ६० सेकंदांचा साठा असेल तर तो सेकंदाला ०.२ ने घटत पाच मिनिटांत संपतो. मग चकती फिरते, थोडा साठा जमतो, पुन्हा चित्र सुरू होते आणि आता मिनिटभरातच थांबते. पहिली काही मिनिटे उत्तम आणि नंतर सारख्या अंतराने थांबे, हे या रोगाचे ठसठशीत लक्षण आहे. राउटर बदलून ते तसूभरही हलत नाही.

ट्रान्सकोडिंग सुरू का होते, याचे उत्तर चित्रात शोधायला जाऊन लोक फसतात. माझा पहिला संशय सबटायटलांवर असतो. ब्लू-रे आणि डीव्हीडीवरची सबटायटले अक्षरे नसतात, छोटी चित्रे असतात. ब्राउझर आणि काही टीव्ही-ॲप्सना ती वर चिकटवता येत नाहीत, म्हणून सर्व्हर त्यांना प्रत्येक फ्रेममध्ये छापून काढतो. परिणामी केवळ इंग्रजी ओळी दिसाव्यात म्हणून सगळ्या चित्रपटाचे रूपांतर होते. सबटायटल बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावला आणि चित्र पाण्यासारखे वाहू लागले, तर निदान झाले. साध्या मजकुराची एसआरटी फाइल जोडली की काम संपले. दुसरा संशयित आवाज. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमध्ये डीटीएस ध्वनी उलगडण्याची सोय ठेवलेली नाही, त्यामुळे आदल्या वर्षीच्या टीव्हीवर थेट चालणाऱ्या फाइलीचा आवाज नव्या टीव्हीसाठी बदलावा लागतो. आवाजाचे रूपांतर तसे हलके. पण दुबळ्या पेटीला तेही जड जाऊ शकते. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर रूपांतर का चालू आहे त्याचे कारण लिहिलेले असते. चित्रपट चालू असताना ते पान एकदाही न उघडता नवा राउटर घ्यायला जाणे, हा मला शुद्ध हट्ट वाटतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: त्याच टीव्हीवर, त्याच वायफायवर नेटफ्लिक्स तर बिनतक्रार चालते, मग टीव्ही आणि वायफाय निर्दोष ठरले ना? आक्षेप सयुक्तिक दिसतो, पण तो दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करतो. नेटफ्लिक्स स्वतः ४के साठी १५ मेगाबिटची शिफारस करते. शिवाय एकाच चित्रपटाच्या अनेक दर्जांच्या आवृत्त्या त्यांनी आधीच तयार करून ठेवलेल्या असतात. वायफाय क्षणभर ढिले पडले की प्लेअर खालची आवृत्ती उचलतो आणि चित्र थोडे मऊ होते, थांबत नाही. आपल्या सर्व्हरवर एकच फाइल आहे, कदाचित ६० मेगाबिटची. तिला माघार घ्यायला जागाच नाही. नेटफ्लिक्स चालते यावरून एवढेच सिद्ध होते, की तुमचे वायफाय १५ मेगाबिट झेपवते आणि टीव्हीला त्या रूपातले चित्र उलगडता येते.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा आहे आणि तो मी अधिक गांभीर्याने घेतो: सगळेच गरजेच्या दसपट ताकदीचे घ्या, मग उशीर होईलच कशाला? पुष्कळ वेळा हे खरे ठरते. पण नवे म्हणजे जुन्याहून सर्व बाबतींत सरस, हे गृहीतक इथे टिकत नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात एच.२६४ उलगडणारे वेगळे हार्डवेअर होते. २०२३ च्या पाय ५ मध्ये ते काढून टाकले, एचईव्हीसीचे तेवढे ठेवले, आणि एच.२६४ चा भार मुख्य प्रोसेसरवर टाकला. प्रोसेसर जोरदार आहे, म्हणून १०८०पी निभावते. पण हे ठाऊक नसलेला माणूस जुन्या फाइली लावून पेटी का तापते म्हणून गोंधळतो. आणि एक अडखळणे असे आहे की त्याला कुठलीच ताकद पुरत नाही. चित्रपटाचा वेग बोलताना २४ म्हणतात, पण डिस्कवर तो बहुधा २३.९७६ असतो, अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी केलेल्या तडजोडीची ही शेपूट. टीव्ही नेमका २४ वर चालवला आणि फाइल २३.९७६ ची असली, तर दर ४२ सेकंदांनी एका फ्रेमचा फरक साठतो आणि एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. घड्याळ लावून पाहिले तर तो ठसका सेकंदाबरहुकूम सापडतो. टीव्ही ६० वर अडकलेला असेल तर २४ फ्रेम त्यात समान बसत नाहीत. एक फ्रेम ३३ मिलिसेकंद राहते, पुढची ५०. कॅमेरा संथपणे आडवा फिरताना चित्र लंगडते ते यामुळे.

आपल्याकडे याची आणखी एक पुरवणी आहे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले ते पाल पद्धतीने, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतले बहुतेक सारे चित्रण, नाटकांच्या व्हीसीडी आणि लग्नांच्या डीव्हीडी धरून, त्याच गणितात आहे. व्हीसीडीतले चित्र सेकंदाला फक्त १.१५ मेगाबिटचे. आजच्या कुठल्याही वायफायला ते किरकोळ आहे. तरीही अँड्रॉइड पेटी ६० वर चालत असेल, तर नट रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाताना झटके देत जातो, कारण ६० ला २५ ने भागले तर पूर्ण अंक येत नाही. वेगाच्या सिद्धान्ताला याहून सडेतोड उत्तर मला माहीत नाही: जगातली सर्वांत हलकी फाइल, भरधाव नेटवर्क, मोकळा प्रोसेसर आणि तरीही लंगडणारे चित्र. पेटीच्या सेटिंगमध्ये फाइलच्या फ्रेम रेटप्रमाणे पडदा बदलण्याची सोय असते. ती चालू केली आणि पडदा ५० वर गेला, की नट सरळ चालू लागतो.

वेळापत्रकाचे उरलेले दोन प्रकार थोडक्यात आटोपतात. अर्ध्या तासाने सुरू होणारे अडखळणे बहुधा उष्णतेचे असते. रास्पबेरी पाय ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे टीव्हीमागच्या बंद कप्प्यात तो तिथवर सहज पोचतो. रोज विशिष्ट वेळी होणारे अडखळणे बहुधा सर्व्हरच्या स्वतःच्या कामांचे असते. नव्या फाइलींची छोटी चित्रे काढणे, संग्रह तपासणे अशी कामे प्लेक्स मूळ सेटिंगप्रमाणे पहाटे २ ते ५ च्या दरम्यान करते, पण कुणी ती वेळ बदललेली असते किंवा संध्याकाळी नव्या फाइली टाकून लगेच चित्रपट लावलेला असतो.

इंटरनेटचा काही संबंध नाही असे सुरुवातीला म्हटले, त्याला एक अपवाद नोंदवला पाहिजे. फायबर कंपनीच्या पेटीतही राउटर असतो आणि आपण वर दुसरा लावतो. सर्व्हर एकाच्या हाताखाली आणि टीव्ही दुसऱ्याच्या, अशी विभागणी झाली तर दोघे एकमेकांना परके समजतात. मग प्लेक्स बाहेरच्या रिले सर्व्हरमार्फत चित्र पाठवते आणि रिलेची मर्यादा १-२ मेगाबिटची असते. एकाच खोलीतल्या दोन उपकरणांमध्ये चित्र धूसर होऊन अडखळत असेल, तर हे पाहावे. परदेशी गेलेली मुले इथल्या सर्व्हरवरचे चित्रपट पाहतात तेव्हाही अनेकदा हेच होते, कारण आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो आणि थेट वाट मिळत नाही.

इतके सगळे सामान्य माणसाने कशाला शिकायचे, सर्व्हर बंद करून चालू केला की भागते, हा तिसरा आक्षेप. भागते, हे खरे. पण तापलेला प्रोसेसर, अडकलेले रूपांतर आणि रिकामा झालेला साठा हे तिन्ही पुरावे त्या एका बटणाने पुसले जातात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तोच प्रसंग. ज्यांना खरोखर वेळ नाही त्यांच्यासाठी एक सरधोपट मार्ग आहे आणि तो मी कमी लेखत नाही: हँडब्रेकसारख्या साधनाने रात्रीत सगळ्या फाइली १०८०पी एच.२६४ मध्ये, साध्या आवाजासकट, सुटसुटीत आकारात उतरवून ठेवाव्यात. थोडा दर्जा जातो, एचडीआर जाते, पण घरातला जवळपास प्रत्येक पडदा त्या थेट चालवतो. दर्जा ज्यांना प्राणप्रिय आहे त्यांनी मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम ठेवावा. सबटायटल, आवाज, वायफाय आणि राउटर एकाच संध्याकाळी बदलणाऱ्याला चित्र सुधारले तरी ते कशाने सुधारले हे कळत नाही, आणि पुढच्या फाइलीला तो पुन्हा शून्यावर असतो.

शेवटी अशा फाइली राहतात ज्यांच्या अडखळण्याला सर्व्हर, टीव्ही आणि वायफाय यांपैकी कुणीच जबाबदार नसते. ओळखण्याची रीत सोपी आहे: तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवर लावावी. त्याच प्रसंगाला, त्याच सेकंदाला ठसका बसला, तर दोष फाइलीतच आहे. ओरखडे पडलेल्या डिस्कवरून उतरवताना तुकडा निसटला किंवा रूपांतर चुकले. मूळ डिस्क शाबूत असेल तर ती स्वच्छ पुसून पुन्हा उतरवावी. लग्नाच्या डीव्हीडीबाबत त्या वेळी एक काळजी घ्यायची. कॅमेऱ्यावरून थेट आलेले ते चित्रण बहुधा इंटरलेस्ड असते, सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे. त्यांच्या जोड्या लावून २५ पूर्ण फ्रेम केल्या की निम्मी हालचाल कायमची जाते आणि वरातीतले नाचणारे लोक तुटक दिसू लागतात. रूपांतर करताना ५० फ्रेमचा पर्याय निवडावा. फाइल थोडी मोठी होते, पण कॅमेऱ्याने टिपलेली हालचाल पुरी राहते.